तुमचा ओला कचरा आमच्या खिडकीशी: मुंबईतल्या मोठ्या सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद,
मुंबईतील मोठ्या गृहनिर्माण सोसायट्या

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी एका सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत नुकताच एक ठराव मंजूर झाला. आवारातलं, ओल्या कचऱ्याचं खत करण्यासाठी बसवलेलं मशीन कायमचं बंद करायचं, भंगारात काढायचं आणि मोकळ्या होणाऱ्या खोलीत डिलिव्हरीची पार्सलं ठेवायची सोय करायची. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, विरोधात दोन-तीन हात वर झाले आणि विषय संपला. पुढचा विषय क्लब हाउसच्या एसीचा होता. त्यावर मात्र तासभर चर्चा झाली म्हणे.

त्या सोसायटीचं नाव इथे लिहीत नाही. एक नाव लिहिलं की बाकीच्या सगळ्या सुटतात, आणि ती काही एकटी नाही. कित्येक ठिकाणी तर ठरावाचीही तसदी कुणी घेतलेली नाही. खोलीला कुलूप आहे आणि मशीनवर दिवाळीच्या कंदिलांचे खोके रचलेले आहेत.

मी कोण, तर तुमच्यासारख्या सोसायट्यांमध्ये मॅनेजर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. त्या कुलपांच्या किल्ल्या माझ्या जुडग्यात असायच्या. राहायला आहे विक्रोळीच्या कन्नमवारनगरात. खाडीच्या अंगाला कांजूरमार्गचं डम्पिंग आहे, त्याच्या शेजारात आमच्या इमारती. म्हणजे दिवसभर मी कचऱ्याच्या उगमाशी बसायचो आणि झोपायला मुखाशी यायचो. दोन्ही टोकं पाहिलेली माणसं फार नसतील, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे वास कसा येतो ते थोडक्यात सांगतो. रात्रीची जेवणं आटोपली की सुरू होतो. थंडीत पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा सर्वांत वाईट. नवीन पाहुणा हमखास विचारतो, 'गटार फुटलंय का इथे?' आम्ही खिडक्या लावतो, आणि मे महिन्यात खिडक्या लावून झोपणं म्हणजे काय, ते एसी नसलेल्या घरातच कळतं. गेली कित्येक वर्षं इथले रहिवासी अर्ज करताहेत, मोर्चे काढताहेत, कोर्टात जाताहेत.

हा वास सुक्या कचऱ्याचा नसतो. पुठ्ठा, बाटल्या, पिशव्या असा दर्प मारत नाहीत. भात, भाजीची देठं, मासळीची खवलं, फळांच्या साली हे ढिगाऱ्याखाली दाबलं गेलं, हवा मिळेनाशी झाली की वेगळ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात. त्यातून मिथेन निघतो, सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि खालून काळं पाणी झिरपतं. मुंबईतून रोज साडेसहा ते सात हजार टन कचरा निघतो आणि त्यातला बहुतेक सगळा कांजूरला येतो. त्यात सत्तर टक्क्यांहून जास्त वाटा अन्नाचा, म्हणजे ओल्या कचऱ्याचा असल्याचं महापालिकेचे पर्यावरण अहवालच सांगत आले आहेत. माझ्या खिडकीशी जे येतं ते तुमचं स्वयंपाकघर आहे.

साहजिकच तुम्ही म्हणाल, मग पालिकेला लिहा. पालिकेला बरेच जण लिहितात, आणि लिहायला हवंच. देवनारचं डम्पिंग 1927 पासूनचं. 2016 च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला होता. गोवंडी-मानखुर्दच्या लोकांना तो बघायला उपग्रह लागला नाही. तिथे साचलेला 185 लाख टन जुना कचरा हलवायला 2025 मध्ये दोन हजार कोटींच्या वरचं कंत्राट काढावं लागलं. गोराई 2007 मध्ये बंद झालं, मुलुंड 2018 मध्ये. उरलं कांजूर. ती जागा संरक्षित वन असल्याचं मुंबई उच्च न्यायालयानं मे 2025 मध्ये म्हटलं आणि ती पूर्ववत करायला तीन महिने दिले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. सध्या शहराचा जवळजवळ सगळा कचरा त्या स्थगितीच्या भरवशावर आहे. पालिकेचा दोष आहे, राज्य सरकारचाही आहे. पण नवी जागा कुठली, हा प्रश्न तुमच्या दारात यायच्या आधी दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो तुमच्याच दारातला आहे.

फेब्रुवारी 2016 मध्ये उच्च न्यायालयानं मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली होती, हे आठवतं का? कारण हेच होतं: कचऱ्याची व्यवस्था नाही आणि इमारती मात्र उठताहेत. ती बंदी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटींवर सैल केली. तेव्हा रडणारे बिल्डर होते, आणि बुकिंगचे पैसे अडकलेले तुमच्यापैकीही काही जण असतील.

आता तुमच्या सोसायटीच्या कपाटातली एक फाइल काढा. 20,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या पत्रात अटींची लांबलचक यादी असते. त्यात बहुधा हमखास एक अट सापडेल: ओला कचरा आवारातच मशीनमध्ये प्रक्रिया करून त्याचं खत बागेला वापरायचं, आणि ओला कचरा आवाराबाहेर टाकायचा नाही. 'शक्यतो टाकू नये' असं मोघम लिहिलेलं नसतं. टाकायचा नाही, असंच असतं. ही अट पाळण्याच्या बोलीवर तुमची इमारत उभी राहिली. बिल्डरनं मशीन बसवून दिलं, तुम्ही ताबा घेतलात, पोडियमची बाग, जिम आणि पोहण्याचा तलाव स्वतःच्या नावावर करून घेतलात. मशीनची खोली मात्र बिल्डरची कटकट म्हणून बाजूला ठेवलीत.

2016 च्या घनकचरा नियमांतही तेच होतं. रोज शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा जागेवर जिरवायचा. पालिकेनं त्यासाठी 2 ऑक्टोबर 2017 ही मुदत दिली, मग मुदतवाढी, मग नोटिसा, मग नोटिसांना उत्तरं. ती उत्तरं मीच टाइप करायचो, त्यामुळे भाषा पाठ आहे. 'प्रक्रिया प्रगतिपथावर आहे.'

आता माझ्या तक्रारी. क्रम महत्त्वाचा नाही.

घरात वेगळं करायचं आणि खाली एकत्र करायचं, ही पहिली. बऱ्याच टॉवरांत कचऱ्याचा शूट आहे. मजल्यावरून दार उघडून टाकलं की खाली एकाच पिंपात ओलं, सुकं, काच, डायपर सगळं. मग तळमजल्यावर कुणीतरी ते हातानं निवडतं. ते कुणीतरी म्हणजे कंत्राटदाराचा माणूस. बहुतेक मराठवाड्यातला नाहीतर उत्तरेकडचा, हातमोजे पहिल्या आठवड्यात फाटलेले. सॅनिटरी कचरा वेगळा नेण्याची सेवा पालिकेनं मे 2025 मध्ये सुरू केली. नाव नोंदवायचं आणि पिशवी वेगळी ठेवायची, एवढंच काम. तुमच्यापैकी किती समित्यांनी ते केलं? वर्तमानपत्रात न गुंडाळलेला डायपर निवडणाऱ्या माणसाला तुम्ही लिफ्टमध्ये ओळखता का, हे विचारत नाही. तो सर्व्हिस लिफ्टनं जातो.

दुसरी तक्रार कागदांची. तपासणीला कुणी येणार म्हटलं की मशीन पुसायचं, चार क्रेट मांडायचे, नर्सरीतून आणलेलं खत त्यात भरायचं आणि फोटो काढायचे. हे उद्योग कुठे कुठे चालतात ते मॅनेजर मंडळींच्या गप्पांत सगळ्यांना ठाऊक असतं. ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या सोसायट्यांना मालमत्ता करातल्या सर्वसाधारण करात सवलत द्यायची योजना पालिकेनं आणली होती. तिचा अर्ज भरताना जी समिती उत्साही असते, तीच मशीनमध्ये घालायच्या लाकडी भुशाच्या बिलाला सही करताना चष्मा शोधते.

तिसरी तक्रार त्या भुशाचीच, आणि तिच्यावर जरा थांबतो. कारण 'मशीन चालत नाही हो' हे वाक्य मी इतक्या सभांमध्ये ऐकलं आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर द्यायचंच होतं.

खोलीत काय चालतं ते बघायला सभासद कधी येत नाहीत, म्हणून सांगतो. तीनशे घरांच्या संकुलात रोज दोनशे किलोच्या आसपास ओला कचरा होतो. सकाळी तो टेबलावर पालथा करतात. त्यातून दुधाच्या पिशव्या, रबरबँड, शॅम्पूच्या पुड्या, चमचे निघतात. एकदा चांदीची वाटी निघाली. मालकीणबाईंनी तोवर कामवालीला काढून टाकलं होतं. निवडलेलं मशीनमध्ये जातं. मशीन तुकडे करतं, त्यात लाकडाचा भुसा आणि कल्चर, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचं विरजण, मिसळतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. खत मशीनमध्ये होत नाही. ते होतं नंतर, रॅकवरच्या क्रेटमध्ये, दोन-तीन आठवड्यांत, अधूनमधून खालीवर केल्यावर. ऑपरेटर मूठभर माल घेऊन आवळतो. बोटांतून पाणी टपकलं तर भुसा कमी पडला. मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडायचं. गोळा टिकला तर बेत जमला. जमलेल्या क्रेटमध्ये हात घातला तर आत चांगलंच गरम लागतं आणि पावसाळी सकाळी वर वाफ दिसते. नाक मुरडावं असं तिथे काही नसतं.

ही खोली मरते कशी? खजिनदार बजेट चाळतात. 'दर महिन्याला एवढ्या गोण्या भुसा? आपण काय सुतारकाम करतो का?' सभेत हशा पिकतो आणि गोण्या निम्म्या होतात. भुसा कमी झाला की ओल वाढते. क्रेटमध्ये हवा खेळत नाही, तळातून काळं पाणी गळतं, चिलटं होतात, वास सुटतो. म्हणजे कांजूरला जे मोठ्या प्रमाणावर होतं तेच तुमच्या तळमजल्यावर लहान प्रमाणावर होतं. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतात. समिती ऑपरेटरला बदलते. नवा ऑपरेटर म्हणजे लॉबी पुसणाऱ्यालाच दिलेलं जादा काम. त्याला मूठ आवळायची ठाऊक नसते. मग ब्लेड अडकतं, मेकॅनिक येतो, कोटेशन देतो, कोटेशन पुढच्या सभेत जातं. मग मशीन 'नादुरुस्त'. मग ठराव. मी पाहिलेल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी क्रम हाच होता. मशीन आधी बंद पडत नाही, आधी भुसा बंद होतो.

खर्च किती? दोन माणसांचा पगार, भुसा, कल्चर, वीज धरून तीनशे घरांच्या संकुलात माझ्या हिशेबानं घरामागे महिन्याला दीडशे ते पावणेदोनशे रुपये पडायचे. एका मोठ्या पिझ्झापेक्षाही कमी. एसीच्या चर्चेला लागलेला तास मी यात धरलेला नाही.

'आम्ही मालमत्ता कर भरतो' हे उत्तर मला पाठ आहे. पालिकेनं 2025 च्या मसुद्यात कचऱ्यासाठी दरमहा शुल्क सुचवलं, पन्नास चौरस मीटरपर्यंतच्या घराला शंभर रुपये, त्यापुढच्या मोठ्या घरांना जास्त, तेव्हा शहरभर विरोध झाला आणि ते शुल्क बासनात गेलं. माझाही विरोध होता, कारण चाळीतल्या घरानं शंभर रुपये का द्यावेत हे मला पटलं नव्हतं. पण तुमचा युक्तिवाद दोन्हीकडून चालत नाही. शुल्क देणार नाही, आणि कचरा जिरवणारही नाही, असं कसं? चाळीतल्या माणसाकडे, झोपडपट्टीतल्या माणसाकडे खत करायला जागा नाही. त्यानं ओला-सुका वेगळा करून गाडीत टाकला की त्याचं काम झालं. पालिकेची गाडी खरं तर त्याच्यासाठी आहे. तुमच्याकडे खोली आहे, मशीन आहे, बाग आहे, माळी आहे आणि अट मान्य केल्याचा कागद आहे.

गाडी ओलं-सुकं एकत्रच करते, मग आम्ही वेगळं करून काय उपयोग, असंही म्हटलं जातं. जिथे असं होतं तिथे ते चूकच आहे, त्याची तक्रार करा, मी सही करतो. पण ओला कचरा आवारातच राहिला तर गाडीत एकत्र व्हायला ओलं उरतंच कुठे? आणि नुसता सुका कचरा असला की तो न्यायला कचरावेचक बायका आनंदानं येतात. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेसारख्या संस्थांनी त्यांना प्रशिक्षण देऊन सोसायट्यांशी जोडण्याचं काम कित्येक वर्षं केलं आहे. घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये 1990 च्या दशकात रहिवाशांनी गल्ली स्वच्छ ठेवायचं मनावर घेतलं, त्यातून पालिकेची प्रगत परिसर व्यवस्थापनाची, म्हणजे रहिवाशांनीच आपापली गल्ली सांभाळायची, योजना उभी राहिली. त्यांच्याकडे ना पोडियम होता ना क्लब हाउस.

आणखी एक धोका समोर दिसतो आहे. 2026 चे नवे घनकचरा नियम 1 एप्रिलपासून लागू झाले. त्यात कचरा चार भागांत वेगळा करायचा आहे: ओला, सुका, सॅनिटरी, आणि औषधं-बॅटऱ्या-रंगांचे डबे असा विशेष काळजीचा. मोठ्या कचरा उत्पादकांवर ओला कचरा जागेवर जिरवायची जबाबदारी आहे, आणि जिथे ते शक्य नाही तिथे त्याऐवजी, कचऱ्यावर दुसरीकडे प्रक्रिया झाल्याचं प्रमाणपत्र घ्यायची सोय आहे. ही सोय कुणासाठी आहे ते उघड आहे. ज्यांच्याकडे खरोखर जागा नाही त्यांच्यासाठी. पण मला तुमच्या काही समित्या चांगल्या ओळखीच्या आहेत. चालू खोलीत पार्सलं भरून, 'आमच्याकडे जागा नाही' असं लिहून प्रमाणपत्राच्या मागे लागणारे पहिले अर्ज त्यांचेच असतील.

म्हणून मागण्या. त्यात अवघड असं काही नाही.

मशीनची खोली दुसऱ्या कामाला दिली असेल तर ठराव मागे घ्या आणि खोली रिकामी करा. पार्सलं लॉबीत राहू द्या, ती सडत नाहीत.

पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या अटी नोटीस बोर्डावर लावा, मराठीत. सभासदांना वाचू द्या आपण काय कबूल केलं होतं ते.

वार्षिक अंदाजपत्रकात भुसा आणि कल्चर ही वेगळी ओळ ठेवा, 'किरकोळ खर्च' या सदरात नको. सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय त्या ओळीला हात लावायचा नाही, असा ठराव करा. ऑपरेटर त्याच कामाचा ठेवा, त्याला किमान वेतन, हातमोजे, गमबूट, पाणी आणि साबण द्या. हे उपकार नव्हेत, पण तुमच्या कंत्राटात बहुधा ते लिहिलेलं नसतं.

शूट असेल तर तो बंद करा, किंवा फक्त सुक्या कचऱ्याला ठेवा. ओला डबा दारातून उचला. जे घर एकत्र देईल त्याचा डबा परत दारात ठेवा. पहिल्या आठवड्यात भांडणं होतील. पुढे होत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो.

शहाळ्यांचा वेगळा विचार करा. ती मशीनची ब्लेडं मोडतात, आणि डॉक्टरांनी सांगितल्यापासून तुमच्याकडे रोज पोतंभर निघतात. शहाळेवाल्यालाच परत न्यायला सांगा. निर्माल्याचंही तेच: गणपती-नवरात्रात ते वेगळ्या पिंपात घ्या, त्यातले दोरे आणि जरी काढा, बाकीचं उत्तम कुजतं.

खत जास्त झालं तर? होतंच. बाग भागवून उरलेलं सभासदांना कुंड्यांसाठी द्या, शेजारच्या शाळेला द्या, रस्त्यावरच्या झाडांच्या आळ्यात घाला. झाडाला नको असलेलं खत अजून मी पाहिलेलं नाही.

आणि प्रक्रिया करता येत नसेल तर खोटे फोटो लावू नका. खरं कारण लिहा. पालिकेच्या माणसाला खोली दाखवा. काय अडतंय ते कळलं तर कुणीतरी मदत करेल. कंदिलांच्या खोक्यांखाली झाकलेल्या मशीनला कुणाची मदत मिळणार?

सहकार कायद्याप्रमाणे तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. विषयपत्रिका निघायच्या आधी सचिवांना एक लेखी अर्ज द्या: 'ओल्या कचऱ्याची खोली पुन्हा सुरू करणे.' सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे. अध्यक्ष 'वेळ मिळाला तर बघू' म्हणतील. तो विषय एसीच्या आधी घ्यायला लावा.

ऑपरेटरला शिकवायला कुणी नसेल तर मी येतो. पैसे नकोत, येण्याजाण्याचं मी बघेन. फक्त भुशाच्या गोण्या आधी मागवून ठेवा आणि बिलावर सही झालेली असू द्या.

आपला,
कन्नमवारनगर, विक्रोळी येथील एक निवृत्त सोसायटी मॅनेजर